नाही म्हणाली आणि पुढे गेली

मी भांडखोर माणूस नाही. बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढलेल्या माणसाला भांडणाची हौस उरत नाही. रोजचा कोटा तिथेच संपतो. घरी भांडावं, तर माझी बाजू कुठली हे मला कळायच्या आत ती पडलेली असते. तरीसुद्धा आज मी भांडायला उभा आहे, आणि माझा प्रतिपक्ष माणूससुद्धा नाही. ती एक स्क्रिप्ट आहे. नाटकाची नव्हे, संगणकाची. 'कॉन्फिगर' हे तिचं नाव. तिच्या बहिणी-भावजया पुष्कळ आहेत, पण घराण्याचा स्वभाव साधारण एकच.

ज्यांना ही मंडळी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी हा परिच्छेद गाळायला हरकत नाही. पण गाळलात तर मला तसं कळवा. माझं सगळं भांडण तेवढ्याचसाठी आहे.) प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी मिळतो. एक तयार पीठ, पुडी फोडली की झालं. दुसरं धान्य, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर. तो आपल्या यंत्रावर आपण दळून घ्यायचा. ह्या दळणाला बिल्ड म्हणतात. दळण टाकायच्या आधी ही कॉन्फिगरबाई घरभर फिरून डबे उघडून बघते. अमुक लायब्ररी आहे का, तमुक आहे का. काही जिन्नस सक्तीचे असतात. ते नसले तर बाई जागच्या जागी थांबते, ओरडते, पुढे एक पाऊल टाकत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काही जिन्नस मात्र ऑप्शनल, म्हणजे ऐच्छिक. असले तर एखादी सोय जास्त, नसले तर ती सोय कमी. हे नसले की बाई 'नो' एवढंच पुटपुटते आणि पुढे जाते.

माझं भांडण ह्या 'पुढे जाते'शी आहे.

झालं असं, की गेल्या वर्षी आमचे हेड कॅशियर निवृत्त झाले. ह्या गृहस्थांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एके संध्याकाळी त्यांच्या कॅशमध्ये दोन रुपये जास्त निघाले. कमी नव्हे, जास्त. कमी असते तर खिशातून टाकून कोणीही मोकळा झाला असता. ह्यांनी आम्हा सगळ्यांना रात्री साडेनऊपर्यंत बसवून ठेवलं आणि ते दोन रुपये कोणाचे हे शोधून काढलं. अशा माणसाला शाल, श्रीफळ आणि सन्मानपत्र द्यायचं ठरलं. शाल-श्रीफळ सोपं होतं. सन्मानपत्र माझ्याकडे आलं, कारण मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी शाखेत अफवा आहे. मजकूर कर्ज विभागातल्या बाईंनी लिहिला. त्या एम. ए. मराठी. 'कर्तव्यनिष्ठ', 'निःस्पृह', 'ज्येष्ठ-श्रेष्ठ' असा तो मजकूर होता. जोडाक्षराशिवाय शब्द शोधायला गेलं तर 'आपण' एवढाच सापडत होता.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, छापखान्यात कशाला जाता? एक फुकटचा प्रोग्रॅम आहे, चौकट-बिकट सगळं करतो. फक्त नवी आवृत्ती बिल्ड करावी लागेल." प्रोग्रॅमचं नाव सांगत नाही, ज्यांनी लिहिला ते पदरमोड करून लिहितात, आणि दोष त्यांच्या एकट्याचा नाही. रविवारी दुपारी मी बिल्ड सुरू केलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. चेकिंग फॉर हे, येस. चेकिंग फॉर ते, येस. मी आंघोळ करून आलो. शेवटी सगळं यथासांग झाल्याची ओळ आली. इंग्रजीत 'टेस्ट' असं लिहून एक कागद छापून पाहिला. सुंदर. सौभाग्यवतींना दाखवला. त्या म्हणाल्या, "बॉर्डर छान आहे." साड्यांच्या सरावामुळे त्यांचं लक्ष आधी काठाकडेच जातं.

समारंभाच्या आदल्या रात्री नऊ वाजता बाईंचा मजकूर घातला आणि छापला. कागद बाहेर आला त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सन्‌मानपत्‌र'. त्याखाली 'कर्‌तव्‌यनिष्‌ठ'. पहिल्या वेलांट्या अक्षराच्या आधी उभ्या राहायच्या, त्या सगळ्या अक्षराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. 'निवृत्ती'मधला न एकटाच पुढे, आणि त्याची वेलांटी मागे राहून 'वृ'च्या डोक्यावर छत्री धरून उभी! रफार डोक्यावरून उतरून पाय मोडल्यासारखे रस्त्यात बसले होते. छत्तीस वर्षं एका पैशाची चूक न करणाऱ्या माणसाच्या सन्मानार्थ काढलेला तो कागद एखाद्या अपघाताच्या पंचनाम्यासारखा दिसत होता.

मला वाटलं फॉन्टची चूक. अकरा फॉन्ट बदलले. मग वाटलं प्रिंटरची. मग वाटलं माझी. आमच्या पिढीचं हेच आहे. यंत्र चुकलं तरी आधी आपण ओशाळतो. रात्री अकराला भाच्याला फोन केला.

"मामा, तुमच्याकडे हार्फबझ आहे का?"

मला वाटलं, हा झोपेत आहे. पण तो पूर्ण जागा होता. हार्फबझ नावाची एक लायब्ररी असते. नाव फारसीवरून घेतलंय. 'हर्फ' म्हणजे अक्षर. रोमन अक्षरं एकापुढे एक मांडत गेलं की काम भागतं. आपली अक्षरं एकमेकांत शिरतात, मागे-पुढे होतात, कोणी कोणाच्या डोक्यावर चढतं, कोणी पायाशी बसतं. ही सगळी नातीगोती जुळवायचं काम हार्फबझ करते. ती नसेल तर अक्षरं नुसती ओळीने उभी राहतात, रेशनच्या रांगेसारखी. आणि आमच्या प्रोग्रॅमात ती ऐच्छिक होती.

मी पडद्यावरच्या जुन्या ओळी वर-वर सरकवत गेलो. सापडली. वरच्या ओळीत येस, खालच्या ओळीत येस आणि मध्ये 'चेकिंग फॉर हार्फबझ... नो'. लग्नाच्या ग्रुप फोटोत आपल्या कोणाचाच नसलेला एक माणूस दोन मामांच्या मध्ये निर्विकारपणे उभा असतो ना, तसा.

"अरे, मग ती थांबली का नाही?"

"मामा, ते ऑप्शनल आहे."

"कोणाला?"

फोनवर थोडा वेळ शांतता होती.

ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ऐच्छिक म्हणजे ज्याची इच्छा असेल त्याने घ्यावं. मग इच्छा कोणाची, हे कोणीतरी विचारायला नको? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या भाषेत अक्षराला अक्षर जोडायची वेळ येत नसेल, म्हणून त्याने ते ऐच्छिकच्या खात्यात टाकलं. टाकू दे. त्याच्या हिशेबाने बरोबर आहे. पण माझ्या घरात, माझ्या यंत्रावर, मला न विचारता 'ह्याला जोडाक्षरांची गरज नाही' असं ठरवायचा अधिकार ह्या बाईला कोणी दिला? 'काका, जोडाक्षरं नाहीयेत, चालतील का?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? साध्या हॉटेलातला पोऱ्यासुद्धा मिसळीबरोबर लिंबू नसेल तर आधी सांगतो.

आणि गंमत पुढेच आहे. भाच्याने मला दोन-चार गोष्टी टाइप करायला लावल्या आणि जाहीर केलं की हार्फबझ माझ्या यंत्रावर होतीच! पहिल्या दिवसापासून होती. नव्हतं ते तिचं 'डेव्ह' पॅकेज. डेबियन आणि त्याच्या गोतावळ्यात लायब्ररी एका पुडक्यात येते आणि तिच्यावर दुसरं काही बांधायचं असेल तर लागणारी कागदपत्रं वेगळ्या पुडक्यात. लायब्ररी हजर, कागदपत्रं गैरहजर, म्हणून 'नो'. हे मला लगेच समजलं. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरसमोर एक आजोबा स्वतः उभे असतात, खोकत असतात, माझ्या वडिलांची चौकशी करत असतात. पण हयातीचा दाखला नसेल तर आमच्या लेखी ते हयात नसतात. फरक एवढाच, की आम्ही त्यांना तोंडावर सांगतो, "आजोबा, दाखला लागेल." (कधीकधी पेन्शन थांबल्यावरच कळतं, असं कोणी म्हणेल. त्या विषयावर मी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बोलू शकत नाही.)

ही बाई डबे तपासते कशी, तेही त्या रात्री कळलं. ही पद्धत रूढ केली ऑटोकॉन्फ नावाच्या साधनाने. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेंझी ह्या गृहस्थांनी त्याची सुरुवात केली. तेव्हा यंत्रांच्या इतक्या जाती होत्या, की प्रत्येकीला हाताने माहिती भरून देणं अशक्य झालं होतं. कल्पना खरोखर हुशारीची. एक चिमुकला प्रोग्रॅम लिहायचा, त्यात हवी ती गोष्ट वापरायची आणि तो दळून बघायचा. दळला गेला तर 'येस', नाही तर 'नो'. पण 'नो' का? वस्तू घरात नाही म्हणून? वस्तू आहे, पण दाखला नाही म्हणून? की प्रश्नच चुकीचा विचारला म्हणून? तिन्हींना उत्तर एकच. खरं कारण 'कॉन्फिग डॉट लॉग' नावाच्या फायलीत लिहिलेलं असतं. ती फाईल हजारो ओळींची. आमच्याकडे जुनी व्हाउचरं माळ्यावर ठेवतात, तशी ती ठेवलेली असते: नष्ट केलेली नाहीत एवढंच समाधान.

प्रश्नच चुकीचा असेल तर काय होतं, ह्याचं उदाहरण साऱ्या जगाने पाहिलेलं आहे. २०२४ साली 'एक्सझेड' नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरवाट ठेवली. हे महाशय दोनेक वर्षं कामात मदत करत करत विश्वासातले झाले होते. अशांचं आम्हा बँकवाल्यांना आश्चर्य वाटत नाही. ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत ती वाट होती. आंद्रेस फ्रॉइंड ह्यांना आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, ह्याचं कोडं पडलं. ते माग काढत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जाहीर केलं. अर्ध्या सेकंदासाठी! आमचे हेड कॅशियर आणि हे गृहस्थ एका शाखेत असायला हवे होते. पण मला सांगायचंय ते वेगळंच. ह्या चोरवाटेखेरीज त्याच प्रोग्रॅमच्या सीमेक नावाच्या बिल्डच्या फायलीत आणखी एक गोष्ट सापडली. लिनक्समध्ये लँडलॉक नावाचं एक कुंपण असतं; प्रोग्रॅमने स्वतःला त्यात कोंडून घेतलं की उद्या तो बिघडला तरी बाहेर फार नासधूस करता येत नाही. हे कुंपण आहे का, हे बघायच्या चिमुकल्या प्रोग्रॅमात एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब टाकलेलं होतं. एक पूर्णविराम! त्या टिंबामुळे तो चिमुकला प्रोग्रॅम जगातल्या कुठल्याही यंत्रावर दळला जाणं शक्य नव्हतं. झालं. बाईंनी बघितलं, दळत नाही. अर्थात कुंपण नाही. 'नो' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. कुंपण असलेल्या यंत्रांवरही कुंपणाशिवाय बिल्ड, आणि कुठे हूं नाही की चूं नाही.

टिंब ठेवणाऱ्याला मी दोष देईनच. पण त्याने ते तिथेच का ठेवलं? कारण त्याला घराण्याचा स्वभाव ठाऊक होता. जिथे गुपचूप वगळायची चाल आहे, तिथे वगळायला लावणं सोपं.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. मुलगा हुशार आहे, शिवाय रात्रीचे बारा वाजले तरी मामाचं ऐकून घेतो, म्हणून त्याची बाजूही मांडतो. तो म्हणाला, "मामा, प्रत्येक ऐच्छिक गोष्टीला थांबलं तर कोणाचंच बिल्ड पुरं होणार नाही. सर्व्हरवर छपाई कोणाला लागते? लहानशा यंत्रावर तीस लायब्रऱ्या कशाला कोंबायच्या? ह्या बाईने समजून घेतलं म्हणूनच इतक्या वर्षांत इतक्या यंत्रांवर इतके प्रोग्रॅम चालले." ह्यात तथ्य आहे. एक कागद कमी म्हणून परत पाठवायचं, तो आणला की दुसरा मागायचा, तो आणला की 'साहेब जेवायला गेलेत', हा छळ मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेला आहे. थांबायचं असेल तर सगळे डबे आधी बघून घ्यावेत आणि जे जे नाही त्याची एकच यादी हातात द्यावी. पण थांबावं. आणि त्या यादीत लिहावं, की अमुक नको असेल तर 'नको' असं म्हण, मी पुढे जाते.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस आहे. त्याच्या कॉन्फिगरला रीडलाइन नावाची लायब्ररी सापडली नाही तर ती थांबते. रीडलाइनचं काम काय? आधी टाइप केलेली आज्ञा बाण दाबून परत आणता यावी, इतपत. तिच्यावाचून डेटाबेसाचं काही अडत नाही. तरीही बाई थांबते आणि सांगते, की रीडलाइन मिळाली नाही. नकोच असेल तर 'विदाउट-रीडलाइन' असं लिहून दे. लिहून दिलंत की ती मुकाट्याने पुढे जाते. २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून आयसीयू ह्या लायब्ररीलाही हाच नियम लावला. ह्याला म्हणतात कारकुनी! नाही म्हणायचा हक्क गिऱ्हाइकाचा, आणि तो सहीनिशी. (वर सांगितलेले अर्ध्या सेकंदवाले फ्रॉइंड ह्याच पोस्टग्रेसच्या मंडळींतले. मी यावरून काही सिद्ध करत नाही. नुसती नोंद करतो.) एफएफएमपेगची तऱ्हा आणखी निराळी. व्हिडिओ बनवायची एक्स२६४ ही बाहेरची लायब्ररी ती तुम्ही मागितल्याशिवाय घेतच नाही, पण एकदा मागितलीत आणि मिळाली नाही, तर सरळ थांबते. पायथॉनवाल्यांचं चित्रांचं पिलो २०१५ साली शहाणं झालं. जेपेगची लायब्ररी तोवर ऐच्छिक होती. फोटो उघडायच्या प्रोग्रॅमने जेपेगशिवाय उभं राहायचं, म्हणजे चहाशिवाय अमृततुल्य! तिसऱ्या आवृत्तीपासून ती सक्तीची झाली. नको असेल तर तसं सांगावं लागतं.

"पण मामा, शेवटी सगळ्याची यादी दाखवतात की पुष्कळ जण," भाचा म्हणाला. दाखवतात. पण ती यादी येते आणि पाठोपाठ दळण सुरू होतं, त्या ओळींच्या लोंढ्यात यादी वाहून जाते. माणूस तेव्हा आंघोळीला गेलेला असतो. शिवाय हल्ली रात्री-अपरात्री हे काम यंत्रच यंत्राला लावतं. यंत्र यादी वाचत नाही, ते शेवटी एकच आकडा बघतं. शून्य आलं म्हणजे सर्व ठीक. जोडाक्षरं गेली, कुंपण गेलं, तरी बाईंचा आकडा शून्यच.

उलट बाजूही तितकीच वाईट. जे न मागता सापडलं ते ही बाई गुपचूप घेऊनही टाकते. जेंटू नावाच्या लिनक्सवाल्यांनी ह्या सवयीला 'ऑटोमॅजिक' असं नाव देऊन तिच्याविरुद्ध मोहीमच उघडली आहे. तुमच्या यंत्रावर दुसऱ्याच कामासाठी एखादी लायब्ररी पडलेली असते. बाईंच्या नजरेस पडते. घेतली. उद्या तुम्ही ती अडगळ म्हणून काढून टाकता आणि हा प्रोग्रॅम कोसळतो. एकच धान्य दोन घरी दळलं तर दोन वेगळी पिठं, आणि का ते कोणालाच ठाऊक नाही. खातं उघडायला आलेल्या माणसाबरोबर योगायोगाने मेव्हणा आला होता, म्हणून आम्ही त्याचं नाव नॉमिनीत टाकून द्यावं, तसं हे. मेसॉनवाल्यांनी निदान तीन रकाने तरी केलेत: हवं, नको आणि बघून ठरव. आणि सगळे 'बघून ठरव' एका फटक्यात 'हवं' किंवा 'नको' करायची सोयही ठेवली आहे. अशी सोय असलेला फॉर्म मी बँकेत अजून पाहिलेला नाही.

बँक बँक म्हणून मला लोक हसतात. हसा. पण पाच हजारांचा चेक आला आणि खात्यात चारच असले, तर आम्ही चार हजार देऊन 'येस' म्हणत नाही. 'बाकीचे एक ऐच्छिक होते' असं तर मुळीच नाही. चेक परत करतो, आणि परत करताना त्याला मेमो जोडतो. मेमोवर कारण असतं: रक्कम अपुरी, सही जुळत नाही, तारीख नाही. गिऱ्हाईक चिडतं, मॅनेजरला भेटतं, आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतं. पण त्याला कळतं, की काय नाही आणि आता काय आणायचं. चिडलेलं गिऱ्हाईक परवडलं. घरी जाऊन चार हजार मोजणारं परवडत नाही.

तर त्या रात्री डेव्ह पॅकेज घातलं, बाईंना पुन्हा घरभर फिरवलं, ह्या वेळी आंघोळीला गेलो नाही. पडद्याला नाक लावून बसलो होतो. हार्फबझ... येस! दोन वाजता कागद बाहेर आला. वेलांट्या जागेवर, रफार डोक्यावर, 'कर्तव्यनिष्ठ' एकसंध. मी तो उशाशी घेऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी साडेचारला समारंभ झाला. भाषणं झाली, शाल घातली, नारळ दिला. मॅनेजरसाहेबांनी सन्मानपत्र पुढे केलं आणि फोटोसाठी हसले. आमचे हेड कॅशियर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि व्हाउचर तपासावं तसं ओळीवर बोट ठेवून ते वाचायला लागले. माझ्या पोटात गोळा आला. एखादी वेलांटी राहिली की काय? फोटोवाला ताटकळला. बोट चौथ्या ओळीवर थांबलं. "छत्तीस वर्षं नव्हेत," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं, अकरा महिने." मग खिशातून पेन काढून त्यांनी आकड्याखाली रेघ मारली, समासात कारण लिहिलं, खाली बारीक सही केली आणि सन्मानपत्र माझ्या हातात परत दिलं.